कॅप्टन, लागला का?

माझ्या शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर देवाचा फोटो एकच आहे, बाकी सगळे कॅप्टन आहेत. वर्तमानपत्रातून कापून, पुठ्ठ्याला चिकटवून मीच लावलेत. कप डोक्यावर धरलेले क्रिकेटचे कॅप्टन, त्यात बाप्येही आहेत आणि बायकाही. खांद्यावर स्टिक टाकलेली हॉकीची कॅप्टन. बर्फात उभा असलेला सैन्यातला एक कोवळा कॅप्टन. आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांतला नौदलाचा एक कॅप्टन, जो बुडत्या जहाजावरून बाकीच्यांना उतरवत राहिला आणि स्वतः उतरलाच नाही. आमच्या पाथर्डी तालुक्यात जहाज कुणी पाहिलेलं नाही. इथे पाण्याचा टँकर आला तरी लोक घरातून धावत बाहेर येतात. पण ब्लाउजला हुक लावताना मान वर केली की तो कॅप्टन दिसायचा आणि मला बरं वाटायचं.

हे वेड जुनं आहे. बारावीत असताना मी कॉलेजच्या कबड्डी संघाची कॅप्टन होते. हातात ढाल धरलेला फोटो आहे माझा, अजून जपून ठेवलाय. निकालाच्या आधी लग्न झालं आणि खेळ तिथेच थांबला. आमचे हे जीप चालवतात, पाथर्डी ते गाव. लग्नानंतर मी त्यांना तो फोटो मोठ्या तोऱ्यात दाखवला आणि फसले. त्या दिवसापासून ह्यांनी मला कॅप्टनच करून टाकलं. "ओ कॅप्टन, च्या मिळंल का?" त्यांचं ऐकून जीपमधली माणसं म्हणायला लागली, मग गिऱ्हाइकं, मग सगळं गाव. मला राग यायचा नाही, उलट आवडायचं. कॅप्टन सगळ्यात शेवटी जेवतो, हे वाक्य मी घरात इतकं ऐकवलं की ह्यांनी हात जोडले. खरं सांगायचं तर शेवटी जेवत मी आधीपासूनच होते, पण तसं म्हटलं की त्या जेवणाला जरा मान यायचा.

आमची लेक ह्या सगळ्यावर वाढली. बाकीच्या पोरी झोपताना राजा-राणीच्या गोष्टी ऐकत असतील, हिला मी कॅप्टनांच्या सांगितल्या. सामना हरल्यावर दोष स्वतःवर घेणारा कॅप्टन, जखमी गड्याला पाठीवर घेऊन उतरणारा कॅप्टन. जहाजाची गोष्ट तर तिनं किती वेळा सांगायला लावली असेल. "तो उतरला का न्हाई पण?" असं ती दर वेळी विचारायची, जणू आज तरी उत्तर बदलेल. मी म्हणायची, "कॅप्टन हुता म्हणून." तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं आणि ती झोपायची.

चैत्रात आमच्या गावची जत्रा असते. तोवर साखर कारखान्यांचं गाळप संपलेलं असतं आणि ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली असतात, त्यामुळे वर्षातून तेव्हाच गाव भरल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी कुस्त्या होतात. दुसऱ्या दिवशी, अलीकडच्या काही वर्षांपासून, मुलींची कबड्डी. लेक तिच्या संघाची कॅप्टन. तिनं दिवाळीपासून गावात राहिलेल्या पोरींना घेऊन सराव केलेला असायचा, पण निम्मा संघ उसाच्या फडातून थेट मैदानात यायचा. तिच्या कोपऱ्यावर उभी राहणारी पोरगी अशीच. सहा महिने आईबापांबरोबर मोळ्या बांधून आलेली, हातावर पाचटाचे चरे, आणि पकड अशी की समोरचीचा पाय सापडला तर सुटायचा नाही. लेकीच्या बाहीवर मी लाल पट्टी शिवून दिली होती, कॅप्टनची. शिवताना माझा ऊर किती भरून आला ते मशीनलाच माहीत.

आमच्या मैदानाचा एक रिवाज आहे, तो सांगायला हवा. मैदान मातीचं. कितीही पाणी मारा, चार चढायांत धुरळा उठतो. अशा धुरळ्यात चढाई करणारीचा हात किंवा पाय लागला की नाही हे पंचांना दिसत नाही, आणि मग भांडणं. त्यावर आमच्या जुन्या पंचांनी, ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आहेत, एक तोड काढली. दिसलं नाही की ते शिट्टी वाजवून खेळ थांबवतात आणि ज्या संघाचा गडी बाद होणार असेल त्याच संघाच्या कॅप्टनला विचारतात, "कॅप्टन, लागला का?" ती जे सांगेल तो निकाल. शपथ नाही, वाद नाही. परगावचे संघ पहिल्यांदा हसतात. पण त्या प्रश्नावर खोटं बोललेली कॅप्टन आमच्या मैदानावर मी तरी पाहिली नव्हती. सगळं गाव गप्प होऊन आपल्या तोंडाकडे बघत असताना खोटं बोलणं वाटतं तितकं सोपं नाही.

सोपं नाही म्हणते, आणि मी ते सहज केलं.

गेल्या जत्रेतली अंतिम लढत. समोर शेजारच्या गावाचा संघ. व्यासपीठावर जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी मुली हेरायला आलेले एक सर बसलेले. हे मला आधीच कळलं होतं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लेक जिंकली तर त्यांच्या डोळ्यांत भरेल, हरली तर कोण विचारतंय, असा माझा हिशेब. मी कोपऱ्याजवळ, दोरीला चिकटून बसले होते. गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई त्यांची. चढाईला आलेली पोरगी उंच होती, कोपऱ्याकडे झेपावली, पाय मारला आणि वळून पळाली. धुरळ्याचा हा लोट उठला. मध्यरेषेवर पोचून तिनं हात वर करून गुण मागितला. आमची कोपऱ्यावरची पोरगी जागेवरच खाली मान घालून उभी राहिली.

लागला होता. पायाचा अंगठा नडगीला लागलेला मी बघितला, माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. मैदान गप्प झालं. ते लेकीकडे बघून म्हणाले, "कॅप्टन, लागला का?"

आणि मी ओरडले, "न्हाई लागला!"

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होते की ती सवय होती. वीस वर्षं कुणी कॅप्टन म्हटलं की मी ओ देतेय, तशीच दिली. ते निम्मं खरं आहे. ओ सवयीनं दिली असेल, पण 'न्हाई लागला' हे सवयीनं येत नाही. ते मला पाहिजे होतं म्हणून आलं.

आधी लोक हसले. कॅप्टन म्हटल्यावर आमची कॅप्टन बोलली, असं कुणीतरी म्हणालं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मी आतल्या कॅप्टनला विचारलंय."

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. "लागला, सर," ती म्हणाली. "माझ्यासमोर लागला."

झालं. पलीकडच्या पोरी उड्या मारायला लागल्या. आमच्या पोरी खाली बसल्या. आणि दोरीच्या कडेला बसलेल्या सगळ्या गावाला एकाच वेळी कळलं की दोघींतली एक खोटं बोलली, आणि ती कोण. माझ्या शेजारी बसलेली बाई हळूच थोडी सरकून बसली. तिनं मुद्दाम केलं नसेल. पण मला त्या सरकण्याची अजून आठवण होते आणि कानशिलं तापतात.

निघताना कोपऱ्यावरची पोरगी माझ्याजवळ आली. रडून डोळे सुजलेले. "मावशी," ती म्हणाली, "मी बाद झाली म्हणून तुमी माझ्यासाठी बोलल्या ना? मला समजलं." त्या पोरीनं मला चांगुलपणा आयता आणून दिला होता. तिच्यासाठी मी बोलले नव्हते, त्या वेळी ती माझ्या ध्यानातही नव्हती. तरी मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

घरी लेकीनं हातपाय धुतले, बाहीवरची लाल पट्टी माझ्याच कात्रीनं उसवली आणि घडी करून मशीनवर ठेवली. मी ताट वाढलं. ती जेवली. मग भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "आई, जहाजाच्या कॅप्टनची गोष्ट खरी हाय का तूच बनवलेली?"

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. "खरी हाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला. ती 'बरं' म्हणाली. पटलंय म्हणून नाही, विषय संपवायचा म्हणून. मग ताट उचलताना म्हणाली, "तू आता माझ्या मॅचला येऊ नको."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

पुढचे दिवस गावानं माझी चांगली धुलाई केली. कुणीतरी त्या चढाईचं मोबाईलवर शूटिंग केलं होतं, ते गावाच्या ग्रुपवर फिरलं. चेहरा दिसत नाही, पण आवाज स्वच्छ, आणि तो कुणाचा हे सांगायला जोशीबुवा लागत नव्हता. ह्यांच्या जीपमध्ये तर खेळच झाला. समोरून येणारी मोटरसायकल घासून गेली की मागून एकजण विचारायचा, "लागला का?" आणि सगळी जीप ओरडायची, "न्हाई लागला!" हेही दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी मात्र घरी येऊन म्हणाले, "आता म्या तुला काय हाक मारू, तेवढं सांग." चेष्टा नव्हती त्यात. त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारायला लागले. स्वतःचं नाव ऐकून मला रडू आलं, असं कधी कुणाचं झालं असेल का माहीत नाही.

लोकांचं हसणं सोसलं मी. लोक काय, पुढच्या जत्रेत दुसरं काही मिळेल त्यांना. पण लेक माझ्याशी भांडतच नव्हती. शाळेचं सांगायची, सांगेन ते काम करायची, फक्त कबड्डीचं नाव घरात काढायची नाही. निवड चाचणीला तिचं नाव आल्याचं मला शाळेतल्या बाईंकडून कळलं. तिला का निवडलं ते मला ठाऊक नाही. त्या दिवशीच्या तिच्या चढाया चांगल्या झाल्या होत्या, त्यासाठीच असेल. खरं बोलल्याची बक्षिसं आमच्याकडे कुणी वाटत नाही.

चाचणी नगरला होती. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून नगर-नगर असाच ओरडतो. लेक सकाळीच बाईंबरोबर आणि आणखी दोघींबरोबर गेली. जाताना पाया पडली. मी म्हणाले, "नीट खेळ." ती म्हणाली, "हा." आणि ती वळणाआड गेल्यावर मी ह्यांना सांगितलं की अस्तराचं कापड आणायला नगरला जाऊन येते. कबूल केलेलं मोडताना मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण एसटीत बसल्यावर.

तिथलं मैदान मैदान नव्हतंच. छपराखाली हिरव्या-निळ्या मॅट, जागोजागी पंच, हातात कागद घेतलेले सर लोक. मी सगळ्यात मागच्या पायरीवर, डोक्यावरून पदर ओढून खांबाच्या आडोशाला बसले. मॅटवर धुरळा नसतो. तिथे सगळं पंचांना दिसतं असं धरलेलं असतं आणि कुणाला काही विचारत नाहीत. लेक तिथे कॅप्टनही नव्हती. पाठीवर नंबर लावलेल्या कितीतरी पोरींतली एक.

ती डावीकडून तिसरी उभी होती. समोरून एक बारकी पोरगी चढाईला आली, इकडे-तिकडे नाचली आणि परत गेली. कुणालाच बाद दिलं नाही. पंच पुढच्या चढाईची खूण करणार, एवढ्यात लेकीनं हात वर केला आणि ती चालत मॅटच्या बाहेर गेली. दंडाला बोट लागलं असेल. मलाही दिसलं नव्हतं. कडेला उभे असलेले सर तिच्यावर खेकसले. तिनं ऐकून घेतलं आणि बाद झालेल्यांच्या जागेवर जाऊन बसली.

माझ्या पुढच्या पायरीवरची बाई मागे वळून हसली. "येडी हाय का ही? पंचानं दिलं न्हाई, अन् आपली आपणच चालली. कोणाची हो पोरगी?"

त्या पोरीसाठी मी दोन तास एसटीत आले होते. ती माझी आहे, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. आणि मी म्हणाले, "काय म्हाईत."

कशाला म्हणाले? लपून आले होते म्हणून. ओळख निघेल, मग गाव निघेल, मग तो व्हिडिओ निघेल म्हणून. कारणं सगळी बरोबर आहेत. पण माझ्या पोटच्या पोरीला मी भर मैदानात ओळख दिली नाही, आणि तेही ती माझ्या गोष्टी खऱ्या करून दाखवत असताना. जत्रेतलं खोटं निदान तिच्यासाठी होतं असं मी मनाशी म्हणू शकत होते. हे निव्वळ माझ्यासाठी होतं. पुढचा खेळ मी नीट बघितला नाही. थोड्या वेळानं तिच्या बाजूच्या एकीनं समोरची बाद केली, तशी लेक उठून परत आत गेली एवढं दिसलं.

सगळं संपल्यावर एका सरांनी कागदावरून नंबर वाचले. तिचा होता. पोरी एकमेकींना बिलगल्या. मी पदर तोंडात धरून बसले. बाईंनी पर्समधून फोन काढून तिच्या हातात दिला आणि माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला.

"आई, घेतलं मला," ती म्हणाली. ती खाली, मॅटच्या कडेला माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या वेणीची सुटलेली रिबीन मला इथून दिसत होती.

"लई भारी झालं," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "तू यायला पाहिजे हुतं. मी तवा जास्तच बोलले. सगळ्या पोरींच्या आया आल्यात." तेवढ्यात शेजारच्या मॅटवर पंचांनी लांब शिट्टी वाजवली, आणि ती तिला एका कानानं मैदानातून आणि दुसऱ्या कानानं फोनमधून ऐकू गेली असणार. तिनं विचारलं, "आई, तिकडं शिट्टी कशाची वाजतीय?"

टीव्हीवर मॅच चालू आहे. तयार होतं हे उत्तर, मला शोधावंही लागलं नाही. हे बोलले असते तर सगळं छान झालं असतं. ती खूश होती, तिनं मला माफ केलं होतं, आणि मी तिच्या आधीची एसटी धरून घरी पोचले असते.

"मागं बघ," मी म्हणाले.

ती वळली. मी खांबाच्या आडून बाहेर आले, पदर खाली घेतला आणि हात वर केला, पुरता वर. पुढच्या पायरीवरची बाई माझ्याकडे आणि मग खाली तिच्याकडे बघायला लागली. "माझी हाय ती," मी तिला म्हणाले. "मघाशी खोटं बोलले."

लेक हसली नाही. तिनं फोन कानापासून खाली घेतला, माझ्याकडे बघत राहिली आणि मग बोटानं बाहेरची बाजू दाखवली, पंच बाद झालेल्या गड्याला दाखवतात तशी. मी पायऱ्या उतरले, दाराबाहेर गेले आणि चपलांच्या ढिगाशेजारी भिंतीला टेकून बसले. पोरी बाहेर येत होत्या, आया त्यांना कुरवाळत होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि ते बरं होतं. कबड्डीत बाद झालेल्यानं गुपचूप बसायचं असतं. आत कधी घेतील ते आतले ठरवतात.

ती शेवटी आली, बाईंच्या मागून. माझ्यासमोर थांबली नाही. जाता जाता तिनं आपली बॅग माझ्या मांडीवर टाकली आणि पाणी प्यायला नळाकडे गेली. मी बॅग दोन्ही हातांनी धरून बसून राहिले.